‘बाबासाहेब अठरा तास बसायचे, तुला एक तास बसवत नाही?’

एप्रिल आला की महाराष्ट्रभर महाविद्यालयांत, विद्यापीठांत, वसतिगृहांत आणि वस्त्यांमधल्या बुद्धविहारांत ‘सलग १८ तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. जयंतीला डीजे लावण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. वसई-विरारमध्ये आम्हीही तो घेतो आणि घेत राहू. पण दरवर्षी त्या रांगेत एखाददुसरा मुलगा असा असतो की वीस मिनिटे झाली की त्याला बसवत नाही. पाणी पिऊन येतो, पेन शोधतो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, पाय हलवत राहतो. एखादी मुलगी अगदी शांत बसलेली असते, पण दोन तासांत तिच्या पुस्तकाचे पान उलटलेले नसते. मग आपल्यातलेच कोणी ज्येष्ठ कार्यकर्ते येतात आणि वर शीर्षकात लिहिले आहे ते वाक्य ऐकवतात. वाक्य प्रेमापोटीच येते. पण ऐकणारा ते दहा-पंधरा वर्षे ऐकत राहतो, आणि मनुवाद त्याच्या आजोबांबद्दल जे म्हणत होता तेच शेवटी तो स्वतःबद्दल मानू लागतो: याच्या डोक्यात काही शिरत नाही.

मित्रांनो, आमचे म्हणणे सरळ आहे. या मुलांपैकी काहींना एडीएचडी असू शकतो. त्याची तपासणी करता येते, वय सहा असो की सेहेचाळीस. आणि ही तपासणी प्रस्थापितांच्या मुलांपेक्षा आपल्या मुलांना जास्त गरजेची आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी एडीएचडी म्हणजे काय ते थोडक्यात. लक्ष टिकवणे, काम सुरू करणे आणि संपवणे, वेळेचा अंदाज घेणे, मनात आले ते लगेच करून टाकण्यापासून स्वतःला आवरणे, ही कामे मेंदू ज्या पद्धतीने करतो त्यात जन्मापासून असलेला फरक. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. आवडीच्या कामात हीच माणसे तासन्‌तास बुडून जातात, म्हणून घरचे म्हणतात, ‘मोबाइल बघताना बरे लक्ष लागते!’ लक्ष लागतच नाही असे नसते. ते कुठे लावायचे हे ठरवणारी दोरी हातात राहत नाही. काही जण चंचल दिसतात, काही नुसते हरवलेले दिसतात. मुली बहुतेक दुसऱ्या गटात मोडतात, वर्गात त्रास देत नाहीत, म्हणून कोणाच्या नजरेत येत नाहीत. जगभरातल्या अभ्यासांचा ढोबळ अंदाज असा की मुलांमध्ये सुमारे ५ टक्के आणि प्रौढांमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास लोकांना तो असतो. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती. त्या जुन्या आकड्यावर सरसकट २ टक्के धरले तरी २४ हजार माणसे होतात. यांतल्या किती जणांची तपासणी झाली असेल? तुमच्या वस्तीत एक तरी नाव माहीत आहे का ते आठवून पाहा.

आता अठरा तासांकडे येऊ. बाबासाहेबांच्या अभ्यासाची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात लहानपणीचा भीमराव भेटतो तो अभ्यासात लक्ष नसलेला, बागकामाच्या नादी लागलेला, आत्याच्या बटव्यातले पैसे घेऊन मुंबईला गिरणीत पळून जायला निघालेला मुलगा आहे. पुढे परळच्या डबक चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब राहत होते. त्या खोलीत एकाला झोपायचे तर दुसऱ्याने उठायचे, अशी जागा. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग भीमरावाला उठवत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी ते लेकींचे दागिने गहाण टाकत. केळुसकर गुरुजींनी पुस्तके पुरवली, बडोद्याच्या महाराजांपर्यंत पोहोचवले. म्हणजे त्या एकाग्रतेच्या मागे एक बाप घड्याळासारखा जागा होता. अठरा तासांचा आकडा आपण भिंतीवर लिहिला आणि रामजींचा दोनचा गजर विसरलो. (बाबासाहेबांना अमुक होते, तमुक होते असे आम्ही मुळीच सुचवत नाही. गेलेल्या माणसांची निदाने करणारे लेख आम्हाला आवडत नाहीत.) आमचा मुद्दा एवढाच की एकाग्रता केवळ इच्छाशक्तीतून येत नाही, तिला भोवतालची व्यवस्था लागते, आणि ज्याच्या मेंदूची घडण वेगळी आहे त्याला ती जास्त लागते.

इथेच जात येते. एडीएचडी जात पाहून होत नाही. तो बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो, पण तो घराण्यात चालतो, जातीत नाही. ‘आनुवंशिक’ शब्द ऐकला की आपले कान टवकारतात आणि ते बरोबरच आहे. जातीला वंशशुद्धीचा शास्त्रीय मुलामा देणारा युक्तिवाद बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये कधीच निकालात काढला आहे. प्रश्न परिणामाचा आहे. सवर्ण मध्यमवर्गीय घरातल्या विसरभोळ्या मुलाचे फॉर्म वडील भरतात, कागद आई प्लास्टिकच्या फायलीत लावते, क्लासवाला फोन करून आठवण करतो, आणि एवढे करूनही एक वर्ष गेले तर बापाच्या खिशात दुसरे वर्ष असते. आपल्या घरातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला यातले काय मिळते?

शिवाय आपला सगळा हक्क कागदावर चालतो. जातीचा दाखला, त्यासाठी आजोबा-पणजोबांचे पुरावे, जात वैधता प्रमाणपत्र, दरवर्षी उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, दुसऱ्या वर्षी त्याचे नूतनीकरण, आधारला जोडलेले बँक खाते, स्वाधारचा अर्ज वेगळा. प्रत्येकाची तारीख वेगळी, पासवर्ड वेगळा, रांग वेगळी. एडीएचडीत माणूस नेमका जिथे अडखळतो, म्हणजे तारखा, कागद, अर्धवट राहिलेली कामे, तिथेच आपल्या आरक्षणाचे दार बांधलेले आहे. एक वैधता प्रमाणपत्र मुदतीत आले नाही तर प्रवेश जातो. लोक म्हणतात, ‘संधी दिली होती, यांनाच किंमत नाही.’ आपणही मान हलवतो.

आमच्या परिचयातला नालासोपाऱ्याचा एक कार्यकर्ता सांगतो. वय ३४. सभेत कागद न घेता दीड तास बोलतो, मोर्चा असला की रात्रभर जागतो, आंदोलनात त्याच्याइतका हजरजबाबी माणूस नाही. पण एलएलबीला सहा वर्षे लागली आणि तरी दोन विषय राहिले. जात वैधतेची मूळ कागदपत्रे विरार लोकलच्या रॅकवर विसरला. वालीवच्या औद्योगिक वसाहतीत पाच वर्षांत सात नोकऱ्या झाल्या. बायकोने किराण्याला पाठवले की मीठ विसरून बाकी सगळे आणायचा. संघटनेत त्याच्याबद्दल काय बोलले जायचे? बेजबाबदार, बेशिस्त, ‘स्टेजपुरता’. मुलाच्या शाळेतून तक्रारी येऊ लागल्या, मुलाला तपासायला नेले, आणि डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता याला घाम फुटला, कारण प्रत्येक उत्तर त्याचेच होते. एका खासगी ठिकाणी त्याला ऐकवले गेले, ‘तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत सवलत हवी असते.’ तो उठून आला. सहा महिने पुन्हा कुठे गेला नाही. नंतर मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात चार खेपा झाल्या, आईला बोलावले, चौथीचे जुने प्रगतिपुस्तक पाहिले. त्यात बाईंनी लिहिले होते, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ निदान झाले. त्यानंतर चमत्कार घडला नाही. मीठ अजूनही कधीकधी राहते. पण उरलेले दोन विषय सुटले, आणि संघटनेत आता कागदपत्रांचे काम त्याच्याकडे देत नाहीत, सभांचे देतात. एवढे आम्हाला वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर आणखी किती पोरे चळवळीतून गळायची वाचली असती.

हा विषय काढला की तीन-चार हरकती हमखास येतात.

पहिली: हे इंग्रजी बोलणाऱ्यांचे, रील बनवणाऱ्यांचे फॅड आहे. दिसते तसे खरे, कारण तपासणी आज त्यांच्यापर्यंतच पोहोचली आहे. अध्ययन अक्षमतेचे हेच झाले. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती द्यायला महाराष्ट्राने १९९६ मध्येच सुरुवात केली. फायदा कोणाला झाला? ज्यांच्या आईबापांना तो शब्द माहीत होता आणि मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयातून प्रमाणपत्र आणणे परवडत होते त्यांना. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही भारतीय भाषांतली चाचणी, जिच्यात मराठीही आहे, ती यायला २०१५ उजाडले. ‘तारे जमीन पर’ २००७ चा. त्यातल्या ईशानला निदान बोर्डिंग स्कूलमध्ये चित्रकलेचा शिक्षक भेटला. पालघर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतला ईशान ‘ढ’ ठरून वीटभट्टीवर गेला, त्याच्यावर चित्रपट निघाला नाही. एखादी गोष्ट त्यांच्याकडे आधी पोहोचली म्हणून ती त्यांची होत नाही. तसे असते तर आपण इंग्रजी शिकलो नसतो.

अमेरिकेतही हेच दिसले आहे. तिथल्या अभ्यासांत काळ्या मुलांना, गोऱ्या मुलांच्या तुलनेत, एडीएचडीचे निदान आणि उपचार कमी मिळालेले आढळले. शाळेतून निलंबित मात्र ती जास्त होतात. तीच चंचलता गोऱ्या घरात आजार ठरते आणि काळ्या घरात गुंडगिरी. ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेल्या दलित पँथरच्या वारसांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरी हरकत गंभीर आहे: ‘आधीच कोट्यातले म्हणतात, आता डोक्यानेही कमी म्हणतील.’ ही भीती खोटी नाही. २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर वैद्यकीय महाविद्यालयांतल्या जातीय छळाची जी चर्चा झाली, ती आपण विसरलेलो नाही. अशा व्यवस्थेसमोर जाऊन आपले मन उघडायचे, तर कचरणे साहजिक आहे. पण न तपासल्याने शिक्का टळत नाही. आज तो ‘आळशी’ असा बसतोच आहे, आणि त्यावर इलाज नाही. निदान कोणाला सांगायचे, कोणाला नाही, हा तुमचा अधिकार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ तो गोपनीयतेचा अधिकार देतो. याच कायद्याचे कलम १८ म्हणते की शासनाने चालवलेल्या किंवा शासनाच्या पैशावर चाललेल्या मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे, आणि त्यात धर्म, लिंग, वर्ग याबरोबर जातीवरूनही भेदभाव करता येणार नाही. ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत निदानही धरलेले आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, पिवळे कार्ड असो वा नसो, उपचार मोफत आहेत. केस पेपर काढताना हे लक्षात ठेवा, उपकार कोणी करत नाही.

तिसरी हरकत आपल्याच विहारातून येते: विपश्यना करा, सगळे ठीक होईल. ध्यानाबद्दल आम्हाला आदर आहे, आणि काहींना त्याची थोडीफार मदत होतेही. पण दहा दिवसांच्या शिबिरातून तिसऱ्या दिवशी उठून आलेल्या पोराला ‘तुझ्यात धम्म नाही’ म्हणणाऱ्यांनी चूळपंथकाची कथा पुन्हा वाचावी. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही. थोरला भाऊ महापंथक स्वतः विद्वान भिक्खू, त्याने याला संघातून जायला सांगितले. जीवकाने संघाला भोजनाचे निमंत्रण दिले, त्यातूनही याला वगळले. तथागतांनी त्याला जाताना अडवले. गाथेचा आग्रह सोडून दिला. हातात एक स्वच्छ पांढरे फडके दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. हाताला काम मिळाले, डोळ्यांसमोर कापड मळत गेले, आणि अनित्यता त्याला त्या फडक्यात समजली. तो अर्हत झाला. इथे पद्धत बदलली ती बुद्धाने. शिष्याला ‘आणखी जोर लाव’ असे त्यांनी सांगितले नाही. आपण मात्र महापंथकाची भूमिका घेऊन बसलो आहोत. सोपाऱ्याच्या स्तूपावर दर पौर्णिमेला जाणाऱ्यांना एवढे तरी सुचायला हवे.

चौथी हरकत आमच्यासारख्या समाजशास्त्र शिकलेल्यांची: हे सगळे सामाजिक आहे, त्याला मेंदूचा आजार बनवू नका. यात तथ्य आहे आणि आम्ही ते सोडणार नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, रात्री एकपर्यंत शेजारचा टीव्ही, सकाळी उपाशी शाळा, वर्गात जातीवरून टोमणे. अशा मुलाचे लक्ष उडणारच. रक्त कमी असणे, थायरॉईड, कमी ऐकू येणे, चष्म्याची गरज, झोप, घरातली दारू, नैराश्य, एखादा जुना आघात, यांनीही माणूस असाच दिसतो. जातीय अपमानाची जखम गोळीने बरी होत नाही, आणि शिक्षकाला नकोसा झालेला मुलगा म्हणजे आजारी मुलगा नव्हे. पण म्हणूनच तर नीट तपासणी हवी. चांगली तपासणी ही कारणे आधी वेगळी काढते. पाच मिनिटांत पाहून ‘आहे’ म्हणणारा आणि पाच मिनिटांत ‘नाही’ म्हणणारा, दोघांवरही विश्वास ठेवू नका.

तपासणी कशी होते? रक्ताची चाचणी किंवा स्कॅन करून एडीएचडी कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ सविस्तर बोलतात, प्रश्नावल्या भरून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची १८ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. ती सुरुवात म्हणून ठीक, पण मोबाइलवर ती भरून कोणी स्वतःचे निदान करू नये. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती का, आणि ती घर, शाळा, काम अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसतात का, हे पाहिले जाते. म्हणून चाळिशीतल्या माणसालाही आई, मोठी बहीण, जुना वर्गमित्र यांपैकी कोणाला तरी सोबत न्यावे लागते. जुनी प्रगतिपुस्तके असतील तर न्या. आईवडील शाळेत गेलेले नसतील, त्यांना तारखा सांगता येणार नाहीत, तर तसे स्पष्ट सांगा; ‘लहानपणी हा कसा होता’ हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले सांगता येते. बायांनी तर जरूर जावे. ‘घर नीट ठेवता येत नाही’ हे टोमणे खात किती जणींनी आयुष्य काढले, आणि मुलाचे निदान झाल्यावर त्यांना स्वतःचे कळले.

औषध प्रत्येकाला लागतेच असे नाही. मिथाइलफेनिडेट हे मुख्य औषध नियंत्रित आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, भूक आणि झोप कमी करू शकते, रक्तदाब पाहून द्यावे लागते. ॲटोमॉक्सेटिन वेगळ्या प्रकारचे. एमपीएससीच्या पोरांमध्ये ‘अभ्यासाची गोळी’ म्हणून कोणी काही वाटत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. आणि एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, मानसिक आजार आहे; एडीएचडीचे वेगळे नाव नाही. त्यामुळे निदान झाले म्हणजे लगेच प्रमाणपत्र आणि सवलत, असे होत नाही. सोबत अध्ययन अक्षमता असेल, आणि बऱ्याच मुलांत ती असते, तर तिचीही तपासणी मागा.

राहिला प्रश्न कुठे जायचे हा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, पण डोक्याच्या दवाखान्यासाठी आपली माणसे अजून ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे किंवा केईएम, नायर, सायन, कूपरकडे पाहतात. विरारहून पहाटेची लोकल, दादरला उतरून परळ, रांग, आणि एका दिवसाची मजुरी बुडाली. चार खेपा म्हणजे चार मजुऱ्या. मोखाडा-जव्हारच्या माणसाने तर विचारच करू नये. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, फुकट बोलता येते. फोनवर निदान होणार नाही, पण जवळ कुठे जाता येईल ते विचारता येईल.

एवढ्यावर समाधान मानायचे कारण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची जी यादी त्यात आहे, तिच्यात अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी दोन्ही नावानिशी आहेत. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात. वजन-उंची घेतात, दात पाहतात. यादीतल्या या दोन ओळींचे काय होते? आणि जिल्ह्यात किमान मानसिक आरोग्य सेवा नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेचा खर्च शासनाने उचलावा, असे २०१७ चा कायदा सांगतो. पालघरमध्ये असा किती खर्च उचलला गेला?

हे आम्ही माहिती अधिकारात विचारणार आहोत. जिल्हा शल्यचिकित्सकांना एक अर्ज: मागच्या तीन वर्षांत वसई तालुक्यातल्या किती शाळकरी मुलांची एडीएचडी आणि अध्ययन अक्षमतेसाठी तपासणी झाली, किती पुढे पाठवली, किती प्रत्यक्ष पोहोचली. दुसरा महापालिकेला: पालिकेच्या कोणत्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस बसतात, आणि १८ वर्षांवरच्यांची तपासणी तिथे होते का. ज्या वस्तीत कार्यकर्ते तयार असतील त्यांनी आपल्या नावाने वेगळा अर्ज टाकावा, मसुदा आम्ही देऊ. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराला तीस दिवस. तारीख लक्षात राहत नसेल तर विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा.

जय भीम.